मेहुण्याच्या बोटीची मासळी

आमच्या घरमालकांच्या नावावर भाईंदरमध्ये चार फ्लॅट होते आणि ते रोज सकाळी फुटपाथवर बसून मासे विकायचे. हे कुणाला सांगितलं की तो माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "चार फ्लॅट असून?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून मी बहुतेक वेळा विषय बदलतो. आज बदलत नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका इथल्या जुन्या गावातले. वडिलांच्या वेळेपर्यंत भातशेती आणि मिठागरं होती. तरुणपणी काकांनी स्वतः मिठागरावर मजुरांवर देखरेख केलेली. पुढे त्या जमिनींवर इमारती उठल्या, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि काकांच्या वाट्याला जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीतले चार फ्लॅट आले. पाचव्या मजल्यावर ते राहायचे, तिसऱ्यावर आम्ही भाड्याने. भाड्याचं ठरवायला गेलो तेव्हा डिपॉझिटच्या आधी त्यांनी विचारलं, "मासली खाता का?" मी म्हटलं, आम्ही रत्नागिरीकडचे. "मंग झाला तर," म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं नाव रत्नागिरी पडलं. करारनाम्यावर माझं पूर्ण नाव आहे, खाली त्यांची सही आहे, पण ते नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. माझ्या बायकोला मात्र अदबीने "सूनबाय".

केबिन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी मासळीवाल्यांची रांग बसते. रांग सगळी बायकांची. पुरुषाने दर्यात जायचं आणि घरच्या बाईने बाजारात विकायचं, ही इकडची रीत. त्या रांगेत बरोबर मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर धुतलेला नॅपकिन आणि नाकावर चष्मा घेऊन काका मांडी घालून बसलेले असत. नव्या माणसाला वाटायचं, हे बाजाराची पावती फाडायला आलेत. एकाने तर एकदा त्यांच्या हातात पैसे ठेवले आणि पावती मागितली. काकांनी त्याला एक बोंबील दिला.

मासे विकण्याची त्यांची तऱ्हाच निराळी होती. गिऱ्हाईकाने काय घ्यायचं हे ते ठरवायचे. आपण सुरमईकडे बोट दाखवावं तर म्हणत, "ती तुझी न्हाय. तू मांदेली ने." का, ते सांगत नसत. घरी जाऊन मांदेली तळली की कळायचं, त्या दिवशी मांदेलीच खायची होती. माझा एकदा ऑफिसात साहेबाशी खटका उडाला होता, तोंड पाडून बाजारात गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. "आज जा घरी. रागात खाल्लेला काटा घशात जातो." मी रिकाम्या पिशवीने परत आलो आणि बायकोने मला वरणभात वाढला.

वजनकाटा त्यांनी कधी ठेवला नाही. मासळी वाट्यांवर, म्हणजे ढिगांवर विकायची. वाटा लावून झाला, घासाघीस झाली की वरून दोन मासे टाकायचे. ते वरचे दोन मासे घेतल्याशिवाय कुणी हललं की त्यांना अपमान वाटायचा. फोनवर बोलत बोलत भाव विचारणाऱ्याला ते उत्तरच देत नसत. शांती नगरच्या एका बाईंनी त्यांचा नंबर मिळवून फोन केला होता, "अंकल, आज का माल का फोटो भेजो ना." काकांनी फोनकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैडम, फोटो खानेका है क्या?" आणि फोन बंद केला. त्या बाई मग रिक्षा करून येऊ लागल्या आणि काकांच्या पक्क्या गिऱ्हाईक झाल्या. माणसांना आपला अपमान करणारा दुकानदार आवडतो, हे मी काकांमुळे शिकलो.

आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं मासे न खाणारी. काकांना कुणी काही म्हणण्याची सोय नव्हती, कारण अर्धी इमारतच त्यांच्या भावांची. तरी टोपली घेऊन ते लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत. पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने जायचे, मध्ये आमच्या दारात टेकायचे, बायको पाणी द्यायची. मी म्हटलं, "काका, लिफ्टला तुम्हीच पैसे दिलेत ना?" तर म्हणाले, "पैसे दिले म्हंजे काय, वास पन त्यांच्या गल्यात घालू?" घरी पोचल्यावर लिंबू चोळून आंघोळ, पुन्हा इस्त्रीचा शर्ट, आणि मग लिफ्टने खाली पेपर आणायला.

आता चार फ्लॅटचं उत्तर.

ती जागा त्यांच्या बायकोची. मी काकूंना एक वर्षच पाहिलं. मोठ्याने हसणारी बाई. तिसऱ्या मजल्यावरून ओळखू यायची. माहेर उत्तनच्या बाजूचं, किनाऱ्यावरचं. धाकट्या भावाची लहानशी बोट होती आणि त्या बोटीची मासळी लग्नाच्या आधीपासून त्याच विकत आल्या होत्या. भावाने धरायची आणि बहिणीने विकायची. घरात फ्लॅट आले, सोफा आला, तरी काकूंनी टोपली सोडली नाही. काकांना ते मुळीच पसंत नव्हतं. मिठागरवाल्यांच्या घरात हे चाललं होतं, पण फ्लॅटवाल्यांच्या घरात चालू नये असं त्यांना वाटे. "लोक काय बोलतील" हे त्यांचं पालुपद आणि "लोक मासली खातील" हे काकूंचं उत्तर. संध्याकाळी त्या घरी आल्या की हे नाक मुरडून गॅलरीत जाऊन बसायचे. त्या शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा काकांना एकच म्हणाल्या, "माजी जागा सोडू नका." हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांनी चष्मा काढून नॅपकिनने पुसला. "जल्मभर मी तिला बोललो, जागा सोड. आनि ती मना बोलते, सोडू नका. काय करनार?"

कार्य आटोपलं आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून केबिन रोडला गेले, काकूंच्या पाटावर जाऊन बसले. रांगेतल्या बायका पहिल्या दिवशी पदरात तोंड लपवून हसल्या. काकांना मासा कापता येत नव्हता. शेजारच्या जागेवरची बाय, काकूंची जुनी मैत्रीण, तिने त्यांचा हात धरून कोयता चालवायला शिकवला. काका चिकाटीने शिकले. थोड्या दिवसांत बायका त्यांना "भाव", म्हणजे भाऊ, म्हणू लागल्या, आणि वर्षभरात रांगेत भांडण झालं, गटाराचं पाणी तुंबलं, महापालिकेची गाडी आली, की सगळ्या आधी काकांच्या तोंडाकडे बघायच्या. 

रांगेचा एक नियम होता. कुणाच्याच जागेचा कागद नाही, जागा बसणाऱ्याची. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सगळेच उठतात, त्याचं काही नाही. पण हंगाम सुरू झाल्यावर जागा आठवडाभर रिकामी राहिली की गेली. भांडण नाही, तंटा नाही, दुसरा कुणी बसायचा. त्यामुळे मेहुण्याच्या बोटीला मासळी लागणं हा काकांच्या घरातला रोजचा प्रश्न झाला. सकाळी मेहुण्याचा माल घेऊन रिक्षा यायची. काका टोपली उघडायचे आणि त्यात काय आहे ते बघून त्यांचा दिवस ठरायचा.

आणि मासळी कमी होत चालली होती. सुरुवातीला काका याबद्दल तासन् तास बोलायचे. मोठ्या बोटी रात्री समुद्रात झगझगीत दिवे सोडतात, लांबलांबची मासळी दिव्याखाली गोळा होते, आणि मग मोठं जाळं टाकून सगळी एकदम उचलतात. लहान, मोठी, अंड्यांवरची, काही बघत नाहीत. कायद्याने बंदी आहे, पण दर्यात कायदा बघायला कोण जातो? मागून काकांचा मेहुणा जायचा आणि रिकामं जाळं घेऊन यायचा. "पावन्याला जेवाया हाक मारायची आनि पानावर बसला की गला धरायचा, तशातली गत," असं म्हणून काका थुंकायचे. तो माल धक्क्यावर लिलावाला येत नाही, कारण तिथे विचारणारं कुणीतरी असतं. तो बोटीवरून खोक्यांत, खोक्यांतून टेम्पोत आणि टेम्पोतून थेट अशा गल्ल्यांच्या तोंडाशी. पावती नाही, बोटीचं नाव नाही. एक टेम्पोवाला केबिन रोडलाही चकरा मारायचा. स्वस्त द्यायचा, उधारही द्यायचा. काका त्याला बघितलं की कोयता खाली ठेवून उभे राहायचे.

मग एका हंगामात काकांचं हे बोलणं बंद झालं. मला ते लगेच लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते हे, की टोपली रोज भरलेली असते. बांगडे, हलवा, सुरमई, वर माकूळ. आधी मेहुण्याच्या टोपलीत चार जातींचे चार मासे असायचे, आता सगळे एका मापाचे, बर्फात ओळीने झोपवलेले. "मेव्हन्याच्या बोटीची हाय," काका प्रत्येकाला सांगायचे. पूर्वी हे कधी सांगावं लागत नव्हतं. माझी बायको एकदा घरी येऊन म्हणाली, "काकांच्या मेहुण्याला समुद्राने दत्तक घेतलंय वाटतं."

मी एकदा त्यांना आमच्या दारात पाणी पिताना विचारलं, "काका, एवढी मासळी हल्ली कुठून लागते?" त्यांनी पाणी संपवलं, भांडं उपडं ठेवलं. "मासलीवर काय पत्ता लिवलेला असतो, रत्नागिरी?"

"पण तुम्हीच म्हणायचात—"

"मी बोलायचो. आठ दिवस रिक्षा आलीच न्हाय, मंग कोन बोलनार? जागा जात व्हती. शेजारच्या बाजूनं येक जन अंड्यांचे ट्रे आनून ठेवाया लागला व्हता. माजा पाय तिच्या पाटावर, आनि त्याचे ट्रे पाटाच्या कडेला." ते उठले आणि टोपली उचलून वर गेले. आमच्या दारात ते त्यानंतर कमी टेकू लागले.

मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. अजूनही येत नाही. बायको जिवंत असताना जे तिला देता आलं नाही ते ते आता देत होते, आणि देण्याच्या घाईत हातात काय आहे ते बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आपल्यातले किती जण याच्याहून वेगळं करतील, मला माहीत नाही.

मेहुण्याला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. किनाऱ्यावरचा पुरुष बाजारात येत नाही. ती बायकांची जागा. त्यामुळे त्या रविवारी एक काळा, सडपातळ माणूस बाजाराच्या गर्दीत चपला हातात घेऊन उभा असलेला दिसला तेव्हा मला वाटलं, कुणी हमाल असेल. शेजारच्या बायने त्याला ओळखलं. "गो बाय, यो तर आपल्या भावाचा मेव्हना!" ती ओरडली, आणि रांगेत एकदम कौतुक पसरलं.

काकांच्या हातात त्या वेळी हलवा होता. तो तसाच राहिला.

समोर शांती नगरच्या त्याच बाई उभ्या होत्या. त्या वळल्या आणि मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "अच्छा, आप हैं! भैया, आपकी बोट का हलवा पिछले हफ्ते ले गई थी, एकदम फ्रेश. मेरे हसबंड तो दूसरी जगह का खाते ही नहीं अब."

मेहुण्याने टोपलीकडे पाहिलं. मग काकांकडे. मी काकांच्या बाजूलाच उभा होतो. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि हात खराब असल्यामुळे तो वर करता येत नव्हता.

"हां ताई," मेहुणा म्हणाला. "देवाची किरपा. औंदा बरी लागली."

मग तो पाटाच्या बाजूला उकिडवा बसला, काकांच्या हातातला हलवा घेतला, कोयता घेतला आणि त्या बाईंना मासा कापून दिला. एवढ्या सफाईने कापला की बायका बघत राहिल्या. वरचे दोन मासे त्यानेच टाकले.  थोड्या वेळाने हात धुऊन म्हणाला, "येतो दाजी," आणि उठला.

काकांनी मला डोळ्यांनी खूण केली, जा त्याच्याबरोबर. मी गेलो. स्टेशनच्या दिशेने निघालेल्या त्याला मी चहाच्या टपरीशी थांबवलं. मी काकांचा भाडेकरू, म्हटल्यावर तो ओळखीचं हसला. "रत्नागिरी ना? ताय बोलायची."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग त्याने विचारलं, "किती दिस चाललाय ह्या?"

मी सांगितलं, या हंगामापासून.

"माजी बोट गनपतीपासनं वाळूत हाय. डिझेल घालून जायचा आनि पानी बघून याचा, परवडत न्हाय. मासली लागत न्हाय एवढाच निरोप धाडला, बोटीचा दाजींना सांगू नये म्हटला, त्यांच्या जिवाला घोर. मना वाटायचा, ते सुकी मासली घेऊन बसत असतील."

"तुम्ही आज तेच सांगायला आला होता?"

"न्हाय." त्याने चहा टपरीच्या फळीवर ठेवला. किनाऱ्यावरचे सगळे लहान बोटवाले जमले होते, तो म्हणाला. अर्ज देऊन झाले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, दिव्यावाल्यांच्या बोटी आपल्याला अडवता येणार नाहीत, पण त्यांचा माल शेवटी आपल्याच बायकांच्या टोपल्यांत येतो ना? बायकांनी घेतला नाही तर टेम्पो भरलेलाच परत जाईल. एक आठवडा गेला परत तरी मालकाला झोंबेल. ज्याची बहीण, ज्याची मावशी ज्या बाजारात, त्याने तिथे जाऊन सांगायचं. आणि सुरुवात केबिन रोडपासून करायची असं ठरलं. "मीच बोललो त्यांना. तिथं माजे दाजी हायत. त्यांनी येक शबुद टाकला की सगली रांग आयकते. मी छाती ठोकून बोललो."

 मी म्हटलं, "परत चला. आता सांगा. काका ऐकतील."

"आयकतील. पन बायांसमोर कुठल्या तोंडानं बोलतील? त्यांच्या टोपलीत तीच मासली." त्याने मान हलवली. "मी दाजींची लाज काढाया आलो न्हवतो. किनाऱ्यावर सांगीन, केबिन रोडच्या बाया आयकत न्हाईत."

काकांचं नाव वाचवण्यासाठी तो दुसऱ्यांदा खोटं बोलायला निघाला होता, आणि या खोट्यापायी त्याची स्वतःची बोट जाणार होती. हे त्याला चांगलं कळत होतं. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

दुपारी काकांनी मला वर बोलावलं. जेवलेले नव्हते. सोफ्यावर न बसता खाली जमिनीवर बसले होते. "का आलता तो?" मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ऐकत होते आणि मध्येच नॅपकिनची घडी घालत होते, मोडत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बोट गनपतीपासनं वाळूत? आनि मी रोज बोलतोय, त्याच्या बोटीची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपली न घेता बाजारात गेले. मी ऑफिसला जाताना मुद्दाम त्या बाजूने गेलो. काका उभे होते, बायका बसलेल्या. त्यांना उभं राहून बोलताना मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. मी खोटं बोललो, म्हणाले. ती मासळी माझ्या मेहुण्याची नव्हती, दिव्याची होती. ती आपण कुणीच घ्यायची नाही.  

शेजारच्या बायने हातातली मांदेली खाली ठेवली. ती रागावलेली नव्हती, हे मला आठवतं. ती समजावत होती.

"भाव, टेम्पोवाला तुमच्या आधी आमाला इचारत व्हता. माल घ्या, उधार घ्या. आमी हाकलला. भाव घेत न्हाईत तर आपन कसा घ्यायचा, असा आमचा ठरलेला. मंग येक दिशी बघितला तर तुमच्या टोपलीत. आमी बोललो, भावानं घेतला म्हंजे त्यात वाईट काय असनार? तवापासनं सगल्या घेतात. आता पोरांच्या फिया त्याच्यावर, घरात दोन घास त्याच्यावर. आता तुमी सांगता सोडा. कसा सोडू? तुमच्यामुलंच तर लागलो."

 काकांनी काकूंचा पाट उचलला, काखेत मारला आणि घरी निघाले. रस्त्यात मला ओलांडून गेले तरी मी त्यांना दिसलो नाही. आठवड्याने मी पाहिलं, तिथे अंड्यांचे ट्रे लागले होते.

त्यानंतर ते बरेच महिने घरातच असायचे. शर्टाची इस्त्री गेली. लिफ्टने खाली यायचे, पेपर घ्यायचे, वर जायचे. मेहुण्याला फोन करा, असं मी म्हणायचो. "काय बोलू?" असं ते म्हणायचे. शेवटी एका सकाळी माझी बायकोच त्यांना म्हणाली, "काका, काही बोलू नका. नुसते जाऊन उभे राहा." तेव्हा तयार झाले. मला म्हणाले, "तू चल रत्नागिरी. येकला गेलो तर अर्ध्यातनं फिरीन."

आम्ही रिक्षाने उत्तनच्या बाजूला गेलो. किनाऱ्यावर मेहुण्याची बोट नव्हती. एका पोक्त बाईने सांगितलं, ती विकली, कुणा रिसॉर्टवाल्याने बागेत ठेवायला नेली. मेहुणा? तो येईलच आता, मोठ्या बोटीवरून. कुठल्या मोठ्या बोटीवरून, ते काकांनी विचारलं नाही. आम्ही जाळी वाळत घातली होती तिथे सावलीला उभे राहिलो.

तो आला तेव्हा डोळे लाल होते, आणि खांद्यावर फाटका रेनकोट. काकांना बघून मात्र तो खरोखर आनंदला. पाया पडला. "थांबा," म्हणाला, आणि पळत जाऊन एक पिशवी घेऊन आला. आत ओल्या बर्फात चांगले मोठे हलवे होते.

"घ्या दाजी. आता लोकांना बिनधास सांगा, मेव्हन्याच्या बोटीची हाय. आता खोटा न्हाय. ही मीच धरलेली."

तो टोमणा मारत नव्हता. टोमणा असता तर काकांना सोसला असता.

"तू त्या बोटीवर का गेलास?" काकांनी विचारलं.  "वॉचमनची नोकरी मिलाली असती. माज्या इमारतीत ठेवला असता."

"मिलत व्हती, दुसरीकडं. पन मंग तायच्या जागेवर मासली कोन देनार?" तो म्हणाला. "मी इचार केला. दाजी दिव्याचीच मासली घेतात ना, तर निदान माज्या हातची घेऊ दे. टेम्पोत खोकी मीच भरतो. केबिन रोडच्या खोक्यात निवडून निवडून घालतो. मिलते ना बरी?"

काकांनी पिशवी माझ्याकडे दिली. त्यांना ती धरवत नव्हती.

"मी बसत न्हाय आता बाजारात."

"कवापासनं?"

"तू आलतास, त्याच्या दुसऱ्या दिशीपासनं."

"आनि तायची जागा?"

"गेली. अंडीवाला बसतो."

मेहुणा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. लाल डोळ्यांनी त्याने एकदा मागे, लांब पाण्यात नांगरलेल्या त्या मोठ्या बोटीकडे पाहिलं.

"मंग मी रोज कोनाला धाडत व्हतो, दाजी?"